नकाशात नसलेलं छत

टेपचं एक टोक दगडाखाली दाबून ती पुढे निघाली, की वाऱ्याने टेप फडफडायची, दगड कलंडायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. अंगात काळा कोट, खांद्याला फायलींची पिशवी, आणि गल्लीतले दुकानदार फुकटचा तमाशा बघत उभे. दगड परत कलंडला, तेव्हा मागून कोणीतरी ते टोक बुटाखाली धरलं.

"आता जा," तो म्हणाला. "आणि जरा ताणा. ढिल्या टेपने गल्ली लांब होते."

उन्हाने रापलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल. गटाराच्या नव्या लाइनची मोजणी करायला आला होता. स्वतःचं काम बाजूला ठेवून तो तिच्या मागे मागे टोक धरत फिरू लागला. मोजता मोजता तिने खटला सांगितला. घड्याळाचं दुकान रात्री फुटलं होतं. पोलिसांनी शेजारच्या बेकरीतल्या भट्टीवाल्याला धरलं, कारण समोरच्या निवृत्त शिक्षिकेने वरच्या खिडकीतून त्याला दुकानाच्या दाराशी पाहिलं होतं. सरकारकडे तपास अधिकारी, फोटोग्राफर, प्रयोगशाळा, मोजमापांचा नकाशा. भट्टीवाल्याकडे विधी सेवेने फुकट दिलेली एक वकील.

"आणि टेप," तो म्हणाला.

"तीही शेजारच्या सुताराची आहे. संध्याकाळी परत द्यायचीय."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल खळीने खोल जायचा... हे आपण का बघतोय, असं मनाशी म्हणत तिने घाईने पिशवीतून सरकारी नकाशाची प्रत काढली. त्याचं हसू मावळलं.

"ही सही माझी आहे," तो म्हणाला.

तिने टेपचं टोक त्याच्याकडून काढून घेतलं. पुढच्याच तारखेला हा माणूस सरकारतर्फे साक्ष द्यायला उभा राहणार होता. "आपण बोलायला नको होतं. उद्या सरकारी वकील म्हणतील, बाईंनी साक्षीदार फोडला."

"मी इतका ठिसूळ वाटतो?"

ती वळली नाही. वळली असती, तर हसू दिसलं असतं.

घरी आत्याने तिच्या तोंडावरूनच ओळखलं आणि जेवायला वाढता वाढता टोमणा मारला, की वकिलीत इतकी वर्षं घालवून तुला आवडला तोही समोरच्या पक्षाचाच. आवडला वगैरे काही नाही, असं ती म्हणाली. मग बराच वेळ भात नुसताच कालवत बसली.

साक्षीच्या दिवशी भट्टीवाल्याची आई मागच्या बाकावर पदराचं टोक चुरगळत होती. शिक्षा झाली, तर घरात कमावणारं कोणी उरणार नव्हतं. सरकारी वकिलांनी नकाशा दाखवला. खिडकीपासून दारापर्यंत सरळ रेघ, मध्ये अडथळा नाही.

ती उलटतपासाला उठली. त्याच्याकडे न बघता प्रश्न विचारायचा तिचा बेत होता. पहिल्याच प्रश्नाला बेत मोडला.

"खिडकी आणि दाराच्या मध्ये, कापड दुकानापुढे पत्र्याचं छत आहे. ते नकाशात का नाही?"

"आमच्या नकाशात जमिनीवरच्या भिंती येतात. छप्परं येत नाहीत. रीतच तशी आहे."

"मग ही रेघ?"

त्याने मान वळवली. कोपऱ्यात त्याचे साहेब बसले होते. "ती पोलिसांनी काढायला सांगितली. छताची उंची मोजल्याशिवाय तिला अर्थ नाही... हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

मोजली का नाही, असं न्यायाधीशबाईंनी विचारलं. त्यावर तो म्हणाला, की कार्यालयात अर्ज फक्त पोलिसांचा घेतात. आरोपीच्या वकिलाला मोजणी मागायची सोयच नाही. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून ठेवला. दोन्ही बाजूंच्या देखत पुन्हा मोजणी करा, असा हुकूम झाला.

म्हणून एका दुपारी शिक्षिकेच्या खिडकीत तिघं दाटीवाटीने उभी राहिली – तो, ती आणि मधोमध सरकारी वकील, जिने चढून धापा टाकत. त्याने यंत्र लावलं, आकडे घेतले, मग बाजूला होऊन तिला जागा दिली. तिने डोळा लावला. त्याचा श्वास तिला कानाजवळ जाणवला... दाराचा मात्र पत्ता नव्हता. होता तो नुसता गंजका पत्रा. सरकारी वकिलांनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि खाली उतरताना प्रांजळपणे म्हणाले, "बाई, या खिडकीतून मला माझा सख्खा भाऊही ओळखता आला नसता."

भट्टीवाला सुटला. त्याच्या आईने वकीलबाईंना असं काही कवटाळलं, की कोटाचं बटण तुटलं. निकालात आणखी एक वाक्य होतं: यापुढे मोजणी कार्यालयाने बचाव पक्षाचा अर्जही त्याच नियमाने, विनाशुल्क घ्यावा.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तो उभा होता. आता बोलायला हरकत नव्हती.

"साहेब रागावले असतील," ती म्हणाली.

"आठवडाभर रागावले. मग नवीन अर्जांचं काम माझ्याच गळ्यात मारलं." तो अडखळला. "एक कायद्याची शंका होती. तुमचा अर्ज आला, तर तो मला सहकाऱ्याकडे द्यावा लागेल."

"माझाच का?"

"ज्या कामात आपलं हित गुंतलंय, ते आम्ही करायचं नसतं. तसं साहेबांना लेखी कळवावं लागतं."

"आणि तुमचं हित..." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "कशात गुंतलंय?"

"तुमच्यात," तो म्हणाला. कान लाल, पण नजर थेट. "साहेबांना हे कसं लिहायचं, ते कळत नाही. वकिलाला विचारावं म्हटलं."

वाऱ्याने फायलींची पानं उलटत होती. तिने ती आवरली नाहीत.

"जसं आहे तसं लिहा," ती म्हणाली. "फक्त... एकतर्फी आहे, असं लिहू नका."