छप्पन्न किलो

दर तीन महिन्यांनी सिस्टर यायची. म्हातारपणी माणसं धडधाकट कशी राहतात, याची कसलीशी पाहणी चालली होती आणि आमच्या इमारतीतून त्यांना सापडले मी. मुठीत यंत्र धरून दाबा, खुर्चीतून पाच वेळा उठा, एका पायावर उभ्या राहा. मी सगळं झटक्यात करायचे. चौतीस वर्षं दुकानांतले तराजू तपासण्यात गेली. कमी भरणं मला जमत नाही.

शेवटचा प्रश्न मात्र नको वाटायचा. "मावशी, या आठवड्यात समोर बसून कोणाशी बोललात?"

हे गेले, लेक परगावी गेली, तेव्हापासून खरं उत्तर एकच होतं: कोणाशीच नाही. पण लेकीनं निक्षून सांगितलं होतं, "आई, पुन्हा हेच उत्तर आलं तर तुझं काही ऐकणार नाही. वृद्धनिवासात खोली बघून ठेवलीय." खोली म्हणे! माझं घर दोनच खोल्यांचं, पण त्यातली प्रत्येक खुंटी मी ठोकलेली. इथून हलायचं नाही, एवढीच एक इच्छा उरली होती.

मग मारली थाप. "रोज चारला एक मैत्रीण येते. त्या स्टुलावर बसते. बिनसाखरेचा चहा घेते." खोटं बोलायचं तर नेमकं बोलावं, एवढं दुकानदारांनी मला शिकवलं होतं. सिस्टरनं खूश होऊन लिहून घेतलं.

महिन्याभरानं वॉचमननं अडवलं. "तुमच्या मैत्रीण आत्ताच वर गेल्या. अगदी तुमच्यासारख्या दिसतात हो. सख्ख्या बहिणी का?"

"डोळे तपासून घ्या," म्हटलं आणि वर आले. घरात कोणी नव्हतं.

दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरची सूनबाई जिन्यात भेटली. "काकू, काल दुपारी काय रंगल्या होत्या गप्पा! खालपर्यंत हसू ऐकू येत होतं."

काल दुपारी मी पेपर वाचत बसले होते. चकार शब्द बोलले नव्हते.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शंका आली की वजन करायचं, एवढं मला कळतं. न्हाणीघरातला वजनकाटा आणला, त्यावर ते लाकडी स्टूल ठेवलं. चार किलो. समोर खुर्ची घेऊन बसले.

चार वाजता आकडा हलला. पाच. सात. नऊवर थांबला.

स्टूल रिकामं होतं. मी हात फिरवून पाहिला, नुसती हवा. पाच वाजता आकडा पुन्हा चारवर आला. मग स्टूल बाजूला करून मी स्वतः काट्यावर चढले. गेली दहा वर्षं माझं वजन छप्पन्न. काटा म्हणाला, एक्कावन्न.

काटा बिघडलाय म्हणून नवा आणला. आठवड्यानंतर चार वाजता स्टुलाचं वजन वजा करून बावीस भरले. माझे चौतीस. पुन्हा पुन्हा बेरीज केली. छप्पन्न. आरशात मी होते तश्शीच होते. साडीसुद्धा सैल झाली नव्हती.

"ऊठ तिथून," मी स्टुलाला म्हटलं.

लेकीला फोन करायला तीनदा उचलला आणि तीनदा ठेवला. मैत्रीण खोटी आहे म्हटलं की ती खोली तयारच. आणि मैत्रीण खरी आहे म्हटलं तर? भीती वाटत होती, सरळ सांगते. चार वाजायला आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. शेवटी वजन करणंच सोडून दिलं.

पुढच्या खेपेला सिस्टर दुपारी चारला आली. बरोबर लेक. मुद्दाम रजा काढून आली होती. ठरवलं, आज सगळं खरं सांगून टाकायचं.

आधी यंत्र. सिस्टरनं ते माझ्यापुढे धरलं. मी जीव खाऊन दाबलं. काटा शून्यावरच.

"हं, आता नीट दाबा," म्हणत तिनं ते स्टुलाकडे नेलं. "अरे वा! सतरा."

"सिस्टर, मी इकडे आहे."

ती स्टुलाकडेच बघत होती. "मावशी, शेवटचं. या आठवड्यात समोर बसून कोणाशी बोललात?"

सिस्टरनं स्टुलाकडे कान दिला. मग सिस्टरचा चेहरा उतरला. "कोणाशीच नाही?"

लेक स्टुलापुढे गुडघ्यांवर बसली. रडत होती. "अगं, मग मैत्रीण येते म्हणून खोटं का सांगितलंस, आई?"

"अगं बाई, माझ्याकडे बघ!" मी तिची ओढणी धरून ओढली. ओढणी जराही हलली नाही.

तिनं बॅग भरली. माझा स्वेटर. माझ्या गोळ्या.

कोणाचं तरी कोपर धरावं तसा हात धरून ती दाराकडे निघाली. मी वाट अडवून उभी राहिले. ती माझ्यातून तशीच पुढे गेली.

मग परत आत येऊन तिनं गॅस बंद केला. पाण्याचा नळ आवळला. मग मेन स्विच.

"सावकाश, आई," दार ओढता ओढता ती म्हणाली. "आत काही राहिलं नाही ना?"

बाहेरून माझाच आवाज आला. "नाही गं. काही नाही."