बाबांच्या शेजारची बाई

तोमोहारु रोज सकाळी आईच्या फोटोपुढे भाताची छोटी वाटी ठेवी, पितळी घंटेवर एक टोला देई आणि मग कामाचं रडगाणं गाई. टोकियोच्या त्या चिमुकल्या फ्लॅटात देव्हाऱ्याला जागा मिळाली होती ती फ्रिजशेजारी. तिथंच गुडघे टेकून तो बोलायचा. "आई, साहेब नुसता डोकं खातोय." "आई, कंबर धरलीय." बायको कीवा आंघोळीला गेली की मगच हं. गेलेल्या माणसांना घरची खबरबात द्यायचीच असते, त्यात काय एवढं! तिकडे गावी, ताकाओकाला, त्याचे बाबाही रोज हेच करत.

तो एका मोठ्या कंपनीच्या कायदा विभागात होता. त्या वसंतात कंपनी उरुशिदा नावाचा यंत्रांचा कारखाना विकत घेणार होती. जाहीर होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, अशी सगळ्यांना सक्त ताकीद. त्यानं कीवालाही पत्ता लागू दिला नाही. फक्त एका सकाळी, घंटा वाजवल्यावर, तोंडातून निघून गेलं, "आई, गुरुवारी उरुशिदा आमचा झाला की सुटलो बघ. मग बाबांकडे येतो."

जूनमध्ये बाबांना अटक झाली, आतली बातमी आधी कळून शेअर घेतल्याच्या आरोपाखाली.

अहो, एइसाकु कानामोरी म्हणजे जन्मभर घंटा ओतणारा कारागीर! पितळेचा भाव सोडला तर बाजारातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. घासकामाच्या कर्कश आवाजानं कानही गेलेले. आईला शेअर घेण्याची हौस होती. ती गेल्यावर तिचं दलालाकडचं खातं त्यांच्या नावावर झालं, पण त्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. आणि त्याच माणसानं गुरुवारच्या आदल्या दिवशी दलालाला फोन करून उरुशिदाचे शेअर घेतले होते.

भेटीच्या खोलीत बाबा काचेपलीकडे बसले होते. पट्टा काढून घेतल्यामुळे पँट एका हातानं धरलेली. मागे एक पोलीस काहीतरी लिहीत होता.

"बाबा, तुम्हाला हे सांगितलं कुणी?" तोमोहारुला काचेच्या भोकांपाशी तोंड नेऊन ओरडावं लागलं.

"आता तू पण विचार! तुझ्या आईनं."

"बाबा, अहो..."

"नेहमीसारखी शेजारी येऊन बसली. म्हणाली, पोरगं गुरुवारी मोकळं होतंय, उठा, फोन लावा. ती म्हणाली की मी ऐकतो. तुला काय ते नवीन आहे?"

"असं म्हणू नका हो. मनात आलं म्हणून घेतले, एवढंच सांगा. सोडतील तुम्हाला."

"खोटं बोलू? आणि मग तिला कुठल्या तोंडानं भाताची वाटी देऊ?"

पोलिसानं मान वर केली, बाबांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

बाबांची मनगटं काडीसारखी झाली होती. खाल्लेलं पोटात ठरत नाही म्हणाले. हा माणूस इथंच संपणार, हे तोमोहारुला लख्ख दिसलं. बातमी फुटली ती आपल्याच तोंडून, हेही त्याला कळलं, पण ते सांगायचं कुणाला? परतताना रेल्वे स्टेशनवर लोक बघत असताना तो ढसाढसा रडला.

"दलालाकडे फोनचं रेकॉर्डिंग आहे," त्याच्या वकीलबाई सेरा म्हणाल्या. "बाबांच्या शेजारी एक बाई बोलतेय. तुम्ही तिला बातमी दिलीत, तिनं बाबांना, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. आधी त्यांना कीवाबाईंचा संशय होता, पण आवाज जुळला नाही. उद्या तुम्हाला ऐकवतील. ओळखत नाही म्हणा, साखळी तिथंच तुटते. तुमच्यावर खटला नाही आणि बाबा घरी."

"आणि ओळखली तर?"

"का? कोण आहे ती?"

तोमोहारु उठून दाराकडे गेला.

सरकारी वकील उसुदा मवाळ गृहस्थ होते. त्यांनी गार चहा मागवला, पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं आणि यंत्र सुरू केलं.

आधी बाबा. बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज. मग फोनपासून जरा लांबून एक बाई. "पुटपुटू नका, मोठ्यानं बोला! उरुशिदा म्हणा. उद्या नव्हे, आजच म्हणा." प्रत्येक वाक्याआधी तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती.

ती शिट्टी तोमोहारुनं इस्पितळात अख्खा हिवाळा ऐकली होती. शेवटच्या सकाळी ती थांबली, तेव्हा आईचा हात त्याच्या हातात होता.

"ही बाई कोण?" उसुदांनी विचारलं.

त्याला बाबांची मनगटं दिसत होती.

"मी ओळखत नाही."

"नीट आठवून सांगा."

"नाही. या बाईचा आवाज मी कधीच ऐकलेला नाही."

"ठीक आहे. सहीआधी शेवटपर्यंत ऐकून घ्या, तसा नियम आहे. पुढे काही नाही. बाबांनी फोन नीट ठेवला नव्हता, नुसती खरखर आहे."

खरखर सुरू झाली.

बाबांची पावलं लांब गेली. कुठलंसं दार सरकलं.

मग शिट्टी जवळ आली. अगदी फोनच्या तोंडाशी.

"बरं केलंस, हारु," बाई म्हणाली. "ओळख देऊ नकोस. त्यांना घरी ने."

हारु म्हणणारी जगात ती एकटीच होती.

उसुदांच्या हातातला चहा टेबलावर सांडला.

"हे काल यात नव्हतं," ते हलकेच म्हणाले.

त्यांनी यंत्र बंद केलं.

शिट्टी थांबली नाही. तोमोहारुच्या खांद्याशी, कानाजवळ, ती वाजतच राहिली.

उसुदांनी कागद पुढे सरकवला. वर पाहायचं मात्र त्यांनी टाळलं.

ओळखत नाही, असं लिहिलं होतं त्याखाली तोमोहारुनं सही केली.

शिट्टी थांबली.