पानावरचा झगा

‘सुई माझी शहाणी, वाट सोडायाची नाही, जित्याच्या गं अंगावरी टाका घालायाचा नाही.’ शिवण शिकवताना रतनमावशी हे गुणगुणायची. मैत्रीच्या कानात तो आवाज अजून होता. अंगावरच टाका घालावा लागला, तर कपडा जिच्या अंगात आहे तिनं दातात दोरा धरायचा, असं ती सांगायची. नुसतं अंगावर शिवतात ते प्रेताच्या.

धायरीतल्या मैत्रीच्या शिलाईच्या दुकानात सध्या एकच काम होतं. धाकटी बहीण आम्रपाली फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजच्या शोसाठी तिनं शंभरेक वर्षांपूर्वीच्या परदेशी मासिकातलं एक चित्राचं पान मागवलं होतं. पिस्ता रंगाचा पायघोळ झगा, छातीखालीच आवळलेला, मागे जमिनीवर लोळणारा घोळ. तो घातलेली बाई पाठमोरी. तसाच झगा मैत्री आम्रपालीसाठी शिवत होती.

प्रत्येक ट्रायलनंतर मात्र चित्रातली बाई थोडी वळलेली वाटे. आधी कान दिसला. मग गाल. मैत्रीनं बोट फिरवून पाहिलं. रंग कोरडाच, बोटाला जुन्या कागदाची भुकटी.

चित्रावर कुणीतरी रंगवतंय, असं मैत्रीला वाटे; संशय दुकानात कामाला असलेल्या कांताबाईंवर होता. हातशिलाई त्यांची, दुकानाची किल्लीही त्यांच्याकडे. आणि रोज सकाळी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं.

“कांताबाई, चित्राला हात तुम्हीच लावता ना?”

“लावते. नुसतं पालथं करते.”

“का?”

त्या सुईत दोरा ओवत राहिल्या.

शोच्या दुपारी आम्रपालीच्या पाठीवरचा हूक तुटला. रिक्षा दारात उभी. मैत्रीनं सुई घेतली.

“दोरा धर दातात.”

“ई! मी काय बकरी आहे, ताई?”

“ताई, नका घालू टाका,” कांताबाई म्हणाल्या.

“तुम्ही गप्प बसा. तुमचं चाललंय काय, ते कळतंय मला.”

मैत्रीनं दोऱ्याविनाच्या दातांकडे दुर्लक्ष करून दोन टाके घातले. आम्रपाली हसतच पडद्यामागे आरशाकडे गेली.

मैत्रीची नजर चित्राकडे गेली.

बाई पूर्ण वळली होती. डाव्या भुवईवर आम्रपालीचा लहानपणीचा व्रण.

“ताई,” पडद्यामागून आवाज आला, बारीक. “हा झगा निघत नाहीये.”

मैत्रीनं टाके उसवायला कात्री उचलली आणि पडदा सारला. आम्रपाली पाठमोरी उभी होती. पाठीवर ना टाका, ना हूक, ना कुठे शिवण. कात्री घालायला जागाच नव्हती.

“कांताबाई, काय केलंत तुम्ही?”

कांताबाईंनी चित्र पालथं केलं.

“म्या काय नाय केलं, ताई. पार्सल म्याच सोडलं हुतं. तवा ह्या चित्रात बाई न्हवतीच. नुसता झगा हुता.”