मोरचुदाचं पिंप

"आबा मोरचूद भिजवायला गेलेत. आता सगळे मासे मरणार!" आरती धावत येऊन म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत नगरहून आलेली तिची चुलत भावंडं, राजनंदिनी आणि अंगद, शेततळ्याच्या बांधावर पालथी पडून पाण्यात बघत होती. सकाळपासून काठाला मेलेले रोहू लागत होते आणि त्यांच्या अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी होती. आरतीच्या आईने, छबूकाकूने, बोटभर पिलांपासून वाढवलेले मासे ते! आरतीचे वडील, आबासाहेब, पडले डाळिंबवाले. बुरशी दिसली की त्यांचा हात मोरचुदाकडेच जायचा. बागेत फवारतात ते निळं औषध आता ते तळ्यात ओतणार होते.

"पण बुरशी तर सगळीकडेच आहे," राजनंदिनी म्हणाली. तिने काठीने बुडालेला पाला वर ओढला. कुठे पांढरी, कुठे राखाडी, कुठे नुसते तपकिरी ठिपके. बुरशी धरलेलं पान मऊ पडलं होतं आणि गोगलगाई नेमकं तेवढंच कुरतडत होत्या. "ही तर पाला कुजवून यांना जेवायला घालतेय. धडधाकट माशाला कशाला धरेल?"

अंगद मेलेला रोहू उलटापालटा करत होता. "धडधाकट नव्हताच हा. बुरशीखाली ओरखडे बघ. सगळ्यांनाच आहेत. जखम झाली तिथंच धरलीय."

"आबांनी परवा तळ्यात काटेरी तार टाकलीय," आरती हळूच म्हणाली. "चोरांचं जाळं फाटावं म्हणून."

अंगद उठला आणि विहिरीतली बादली काढायचा गळ आणायला पळाला. तेवढ्यात आबासाहेब हातगाडीवर पिंप ढकलत आले. मागून छबूकाकू पदराने डोळे पुसत येत होती.

"काका, थांबा ना." राजनंदिनी आडवी आली.

"सरक पोरी. हिच्या माशांनी पानी नासवलं. आता बागेला काय देऊ?"

वाद घालून हा माणूस ऐकणाऱ्यातला नव्हता. राजनंदिनीने प्लॅस्टिकचा टब पुढे ओढला. काकूने वेगळी ठेवलेली तीन पिलं त्यात फिरत होती. "आधी यात थोडं टाका. यांना काही झालं नाही तर मीच पिंप ओतू लागते."

"टाकतो की. झाडाला काय हुत न्हाई, तर माशाला काय हुनार?"

त्यांनी मगभर निळं पाणी ओतलं. पिलं सैरावैरा धावली, टबाच्या कडांना धडकली आणि एकेक करून आडवी व्हायला लागली. राजनंदिनीने घाईघाईने चाळणीने उचलून ती स्वच्छ पाण्याच्या बादलीत सोडली. एकाचा कल्ला हलला, मग दुसऱ्याचा. तिसरं पिलू मात्र हललं नाही. राजनंदिनीला रडूच आलं.

काठावरून गळ फेकून फेकून अंगदने एव्हाना तारेचं भेंडोळं बाहेर ओढलं होतं. काट्यांना खवले अडकले होते. आबासाहेबांनी एक खवला सोडवून तळहातावर घेतला आणि बोटाने उलटून बघितला.

"माजीच तार," ते म्हणाले. "पोरांनो, लई मोठं काम केलंत. तुमी नसता तर समदं तळं म्या माज्या हातानं मारलं असतं."

मग ते काकूकडे वळले. "छबू, हितून पुढं तळ्यात काय टाकायचं, काय न्हाई, ते तू सांगायचं. म्या इचारून टाकीन."

"मग आदी ते पिंप हितून न्या," काकू म्हणाली.

आबासाहेबांनी मुकाट्याने गाडी वळवली.