शिट्टीला दिलेली ओ

खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा. ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा सख्खा मामा, जागेश्वर. ते सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. खोटं सांगणारा माणूस असा बसत नाही.

डिसेंबर १९७४. नागपूर. शनिवारची संध्याकाळ.

बागेचं नाव सांगत नाही. महाराजबाग नाही आणि अंबाझरी नाही, एवढं धरून चला. तलावाच्या काठाची बाग. मधोमध कारंजं, मेंदीचं उंच कुंपण, सिमेंटचे बाक. बाहेरगावचे लोक लेकरंबाळं घेऊन बघायला यायचे.

जागेश्वर तिथला चौकीदार.

घराणं विणकरांचं. हातमाग बंद पडला तेव्हा ही नोकरी मिळाली. भाड्याच्या खोलीत माग मावेना आणि सरपणाच्या भावात विकायला जीव होईना. मग त्याने मागाची लाकडं खोलली, पोत्यांत गुंडाळली आणि नेऊन ठेवली कुठे? बागेतल्या बायकांच्या संडासात. बाहेरून कुलूप. किल्ली याच्या कंबरेला.

दोन वर्षं एकाही बाईने किल्ली मागितली नाही. मागणार कशी? परक्या पुरुषाला काय म्हणून विचारायचं?

बाया गुपचूप मेंदीच्या मागे, तलावाच्या उताराला जायच्या. जागेश्वरला हे पक्कं ठाऊक होतं. तो तिकडे मान वळवून बघायचा नाही. एवढीच त्याची सभ्यता.

त्या शनिवारी काटोलकडच्या एका खेड्यातल्या सात-आठ बाया आल्या. संत्र्याच्या ट्रकवर बसून. सकाळी अजबबंगला म्हणजे म्युझियम, दुपारी महाराजबागेतला वाघ, शेवटी ही बाग. त्यांच्यात तुळजाबाई नावाची साठीची एक बाई होती. सोबत तिची सून चंद्रकला. कारंज्यापाशी तुळजाबाईने सगळ्यांना हसवलं. म्हणाली, "एवढं पाणी आभाळात फेकून राह्यले. आमच्या संत्र्याच्या बुडात टाका म्हणावं."

जागेश्वरलाही हसू आलं होतं.

सहाला बाग बंद. आधी शिट्टी मारायची, मग सगळ्या बागेला चक्कर, मेंदीमागचा कोपरा बघायचा, आणि मगच फाटकाला साखळी. नियम असा होता.

त्या दिवशी घरी मेहुणा आला होता. मटण शिजत होतं.

बाया नाक्यावर उभ्या ट्रककडे निघून गेल्या होत्या. जागेश्वरने फाटकातूनच शिट्टी मारली.

मेंदीमागून आवाज आला...

"थांबा गा... येऊन राह्यली मी."

त्याने ऐकलं. स्वच्छ ऐकलं. बिडी अर्धी होईपर्यंत थांबला. मग त्याला वाटलं, भिंतीच्या खिंडारातून जाते बाहेर, सगळेच जातात. साखळी लावली, सायकलवर टांग टाकली.

खिंडार आठ दिवसांपूर्वीच बुजवलं होतं. हे त्याला नंतर आठवलं.

रात्री बाया शोधत परत आल्या, तर फाटकाला साखळी. सकाळी तुळजाबाई तलावात सापडली. अंधारात काठाकाठाने वाट शोधताना पाय घसरला असणार.

पोलिसांनी विचारलं. बागेचे साहेब समोर उभे. जागेश्वर म्हणाला, "पुरी चक्कर मारली साहेब. शिट्टी मारली. कोणी ओ नाही देली."

सुनेला विचारलं, सासू तिकडे काहून गेली होती? चंद्रकलेने पदर तोंडाला लावला. पंधरा बाप्ये माणसं उभी. कशाला गेली ते तिच्याने बोलवेना.

झालं. गावाने अर्थ लावला. शिट्टी ऐकून ओ दिली नाही, म्हणजे बाई मुद्दाम लपून राहिली. म्हणजे जीव दिला. अन् म्हातारी जीव देते ती कोणापायी?

सुनेपायी.

महिन्याच्या आत तुळजाबाईच्या मुलाने, रुपरावने, चंद्रकलेला माहेरी नेऊन घातलं. ही बातमी जागेश्वरला त्या ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितली. त्या रात्री तो जेवला नाही. पण बोललाही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्याने बाग फिरून पाहिली. आता तो कोपरान् कोपरा बघायचा. कोणी नव्हतं. शिट्टी मारली.

झाडांवरचे पोपट एकदम गप्प झाले...

"थांबा गा... येऊन राह्यली मी."

तो मेंदीमागे धावला.

कोणी नाही. तो अंधार पडेपर्यंत उभा राहिला. कोणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही. मग त्याने शिट्टी मारणंच सोडलं. टाळ्या वाजवून लोकांना बाहेर काढू लागला.

आवाज बंद झाला.

पण संडासाच्या त्या कुलूपबंद दारामागे... आतून कोणीतरी कडी चाचपत होतं.

खट्...

खट्...

त्याने कंबरेची किल्ली काढली. कुलूप उघडलं. आत पोती आणि लाकडं. फरशीवर ओल्या अनवाणी पावलांचे ठसे. दारापासून आत गेलेले.

परत येणारा एकही ठसा नव्हता.

त्याने त्याच आठवड्यात माग सरपणाच्या भावात विकला. संडास धुतला, चुना मारला, दार सताड उघडं ठेवलं. त्याला वाटलं, सुटलो. परत शिट्टी तोंडाला लावली.

"थांबा गा..."

तेव्हा त्याला कळलं. तिला दार नको होतं.

रविवारी त्याने काटोलची बस धरली. रुपरावच्या घरी भर दुपारी पोचला. अंगणात रुपराव, त्याचा काका चंपतराव, आणि शेजारचे बापूजी. घरात बाईमाणूस नव्हतं. पाहुणा म्हणून चहा रुपरावनेच केला.

बसमध्ये जागेश्वरने सगळं पाठ केलं होतं. कुलूप कसं सांगायचं, मटण कसं सांगायचं. पण समोर मेलेल्या बाईचा मुलगा आदराने बशी पुढे करत होता. नोकरीही डोळ्यांपुढे आली.

रुपराव म्हणाला, "बोला, काय सांगाचं होतं?"

जागेश्वरच्या तोंडून निघालं, "हेच... मी शिट्टी मारली होती. कोणी ओ नाही देली."

त्याने बशी तोंडाला लावली.

मग घरातून... रिकाम्या घरातून... आवाज आला.

"मी ओ देली होती."

चौघांनी ऐकलं. रुपराव हळूच "माय?" म्हणाला आणि आत गेला. चूल विझलेली. मागचं दार आतून बंद. तो बाहेर आला. आवाज कशाचा, हे त्याने विचारलंच नाही. जागेश्वरपुढे बसला.

"देली होती का ओ?"

जागेश्वरने होकाराची मान डोलावली. मग सगळं बाहेर पडलं.

त्याला कोणी हात लावला नाही. चंपतरावने त्याच्या पुढची बशी तेवढी उचलून नेली.

रुपराव दुसऱ्याच दिवशी बायकोला आणायला गेला. ती आली नाही. म्हणाली, सासूबाई ओ दिल्याशिवाय राहणार नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होती. तवा कोणाले ऐकू आलं?

मामाने नोकरी सोडली. बागेत पुन्हा आवाज आला की नाही, ते त्याला माहीत नाही.

१९८३ साली त्याने मला हे सांगितलं. मी म्हणालो, मामा, म्हातारीचं समाधान झालं असेल, आता काहून भेतोस?

त्याने बिडी पेटवली.

"रुपराव म्हणे, आवाज मायचा होता. बापूजी देवाची शपथ घेऊन म्हणे, सुनेचा होता. अन् सून त्या दिवशी माहेरी, वीस कोसांवर." त्याने बिडी विझवली. "म्हातारीचा असल, तर तिनं मले सोडलं म्हणू गा. पण सुनेचा असल तर... ती अजून जित्ती हाय."