पाचवी तक्रार

प्रितेश वर्षालीला पहिल्यांदा दिसला तो टेबलाखाली. म्हणजे दिसले ते त्याचे पाय, आणि ती त्यांनाच अडखळली. "सॉरी..." म्हणत तो घाईने उठला, तर टेबलाला डोकं आपटलं. ती हसली, डोकं चोळत तोही हसला... आणि तिथेच सगळा घोळ झाला.

साल २००३. मालवणात गुरुदासकाकांच्या छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायला नवा कॉम्प्युटर घ्यायचा होता. मॅक की विंडोज, यात काकांचा जीव टांगणीला लागलेला. मुंबईच्या विक्रेत्याने मॅक आणून ठेवला, कणकवलीच्या दुकानाने प्रितेशबरोबर विंडोजचं मशीन धाडलं. दोन्ही पंधरा दिवस वापरून बघायची. बघणार कोण, तर कामाला बसणारी वर्षाली.

आता बिघाड झाल्याशिवाय कणकवलीचा माणूस मालवणात कशाला येईल? तिसऱ्याच दिवशी तिने फोन लावला, "प्रिंट निघत नाही हो." तो पावसात निम्मा भिजून आला. वायर तिनेच सैल केली होती. मग माऊस चालेना, मग पडदा काळा... पोरीने अक्कल गहाणच टाकली होती.

"सारखं बिघडतं कसं हो तुमचं मशीन?"

"तुम्ही समोर बसलात की... मशीनचं तरी लक्ष कसं लागेल?" तो वर न बघता म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

पाचव्या तक्रारीला काकांनी निकाल दिला. "प्रितेश, उचल तुझो डबो. पंधरा दिसात पाच फेरे! असल्या मशिनीर माझो धंदो चलाचो नाय. मॅक घेतंय मी."

प्रितेश वायरी गुंडाळू लागला. "आमच्या दुकानाचे शेठ बोल्ले, ह्यो सौदो झालो तरच तुका कामार ठेवतलंय," तो हळूच म्हणाला. "माझ्याच हातात काय्यतरी खोट आसतली..."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वर्षालीला झालं. गप्प राहिली असती तर कुणाला कळणारही नव्हतं.

"काका, मशीन बरा आसा. पाचय येळा मीच वायर सैल केलंय."

"कित्याक गो?"

तिला प्रितेशकडे बघवतच नव्हतं. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. त्यांचे केस काही उन्हाने पांढरे झाले नव्हते.

"बरा. मशीन ऱ्हवांदे हयच," ते म्हणाले. "गिऱ्हाईकांच्या फ्लॉप्योय ह्याच्यारच उघडतत."

प्रितेश मात्र हसला नाही. "तुमका गंमत वाटली," एवढंच बोलून तो एस.टी. पकडायला गेला.

पुढचे आठ दिवस फोनकडे बघायचीही तिला लाज वाटली. मशीन ठणठणीत चालत होतं. एकेक पत्रिका सुरळीत निघे, तसतसं तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

नवव्या दिवशी तो दारात उभा.

"कायएक बिघडाक नाय," ती मान खाली घालून घाईघाईने म्हणाली. "खराच... देवाशपथ."

"म्हायत आसा गो." त्याने रिकामे हात दाखवले आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढली. "म्हणानच आज हत्यारां हाडूक नाय."