पर्सिदाची काठी

दोरिन, नळाला तोंड लावूनच पी बाबा, भांडी काय तुझी आजी घासते! पण पी. आता भीती नाही. तू पाळण्यात होतास तेव्हा मात्र याच नळानं गावाला फसवलं. नळानं कसलं, माणसानं. त्रिफू त्याचं नाव. सोळा वर्षं आम्ही दोघं पाणीघरावर एकत्र होतो. बसा, दिवे गेलेच आहेत, जाताय कुठं?

आपल्या खोल विहिरींच्या पाण्यात सोमल. उंदरांना घालतात तेच विष. रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून पाणीघरात ती पोलादी टाकी आणि टाकीत गंजाच्या रंगाचे लोखंडी दाणे. दाणे विष धरून ठेवतात, पाणी पुढं सोडतात.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्रिफूची आई गेली, पर्सिदा. अँका, तू शहरात वाढलीस म्हणून सांगतो. माणूस गेलं की त्याच्या नावानं चव्वेचाळीस सकाळी एकेक बादली पाणी शेजारी पोचवायचं आणि दर बादलीला काठीवर एक खाच पाडायची. शेवटी काठी दाखवून नदीला साक्षी ठेवायचं. नाहीतर गेलेलं माणूस तिकडं तहानेनं तडफडतं. हे काम त्रिफूची थोरली बहीण सवेता करत होती.

दोन बादल्या पोचल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे दाण्यांवर दगडासारखा थर चढला आणि टाकी तुंबली. त्रिफूनं बायपासचा व्हॉल्व्ह फिरवला. म्हणजे विहिरीचं पाणी टाकीला वळसा घालून थेट नळाला. सरपंच म्हणाला, "आठवड्यात नवे दाणे येतील. तोंड उघडलंस तर नोकरी गेली समज." आठवड्याचे सहा आठवडे झाले. लेकरंबाळं तेच पीत होती. आईच्या नावाची बादलीही तीच. मी तेव्हा पाय मोडून घरी पडलो होतो, मला पत्ता नाही. ठाऊक फक्त त्या दोघांना. आणि व्हॉल्व्ह नेमका कुठल्या दिवशी फिरवला, ते सरपंचालाही आठवत नव्हतं.

एकवीस नोव्हेंबर, शुक्रवार. रात्रीचे पावणेअकरा. सवेता म्हणाली, "त्रेचाळीस झाल्या रे. उद्याची शेवटची बादली तू आण पाणीघरावरून. आईला बरं वाटेल, लेकानं आणलं म्हणून."

"आणतो, ताई."

बादली घेऊन निघाला. वाटेत त्याच्या मनानं घेतलं, निदान ही एक तरी स्वच्छ असावी. वरचा थर खरवडला तर बादलीभर पाणी नक्की गाळून निघेल. पाणीघराचं दार आतून लावलं. टाकीकडं येणारे सगळे व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं बंद केले. बादली खाली ठेवली, झाकण उघडलं, फावडं घेऊन आत उतरला. कंदील वर, तोंडाशी.

खरवडायला लागला.

धाडकन झाकण पडलं.

काळोख. फावड्यानं ठोकलं. ओरडला. त्याचाच आवाज चारी बाजूंनी अंगावर आला. झाकण हलेना.

मग पायाला गार लागलं.

पाणी. खालून. दाण्यांमधून वर येत होतं.

घोट्यापर्यंत... गुडघ्यापर्यंत...

बाहेर कुणीतरी चाललं. सावकाश. पाय ओढत. बादलीची कडी वाजली.

"कोण? ताई?"

...

"झाकण उघड गं!"

...

पत्र्याचा मग. रिकाम्या बादलीच्या तळाला घासला. खर्र. मग घोट गिळल्याचा आवाज. कोरडा.

पुन्हा खर्र.

पुन्हा घोट.

पाणी छातीला लागलं. खर्र. हनुवटीला लागलं...

"आई!" त्रिफू किंचाळला. "सांगतो! उद्या नदीवर सगळ्यांसमोर सांगतो!"

आवाज थांबला.



पाणी उतरलं. त्यानं झाकणाला हात लावला, तर उघडंच. बाहेर कुणी नाही. दाराची कडी आतून तशीच. बादली कोरडी ठणठणीत.

पहाटे नदीवर आम्ही सगळे जमलो. मी कुबडीवर. त्रिफू आला, ओला, रिकाम्या हातानं. सवेतानं विचारलं, "पाणी?" तर नजर चुकवून बाजूला सरकला. उजाडलं की माणसाला नोकरी आठवते पोरांनो, रात्रीची आई आठवत नाही. मला त्याचा आजही राग येतो. सवेतानं स्वतःच नळावरून बादली आणली, शेजारणीला दिली, भोपळ्याच्या करटीत मेणबत्ती लावली. "नदी, तू साक्षी," म्हणाली, आणि रात्रभर उशाखाली ठेवलेली काठी फडक्यातून काढली.

बोटानं चाचपली, आणि भावापुढं धरली.

त्रिफूनं काठी पाहिली. मग चिखलात गुडघे टेकले आणि सगळं बोलला. नोकरी गेली. तीन महिने गावानं टँकरचं पाणी प्यालं, मगच नवे दाणे आले. सवेता भावाशी वर्षभर बोलली नाही. पण टँकरच्या पाण्याच्या चव्वेचाळीस बादल्या तिनं पुन्हा पोचवल्या, नव्या काठीवर खाचा पाडून.

जुनी काठी त्रिफू गाव सोडताना माझ्याकडं देऊन गेला. ही बघा. अँका, कंदील इकडं कर. दोरिन, बोट फिरव. सवेतानं त्रेचाळीस खाचा पाडल्या होत्या, शेजारणींनी रोज पाहिल्या होत्या. तासल्याची खूण लागते का कुठं? नाही ना? साल सगळीकडं शाबूत आहे, झाडावर असते तशी.

फक्त या टोकाला मोज.

हो. दोनच.